फांदी कोठे कापावी?

मे महिना सरत आला, की मीरा-भाईंदरच्या रस्त्यांवर फांद्यांनी भरलेले ट्रक दिसू लागतात. पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झालेली असते. कोठे दोरखंड, कोठे कोयते, कोठे घरघरणारी यांत्रिक करवत. संध्याकाळपर्यंत सावलीचे झाड जाऊन त्या जागी चारदोन ठोकळे उरलेले असतात. एक शेजारी हळहळतो, 'झाडाचे हाल केले.' दुसरा म्हणतो, 'पडले असते म्हणजे?' दोघांचेही म्हणणे खरे आहे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून रस्त्याने चाललेल्या एका महिलेचा मृत्यू झाला होता. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने परिसरातील कितीतरी झाडे उन्मळून पडली. तेव्हा वाढलेल्या झाडाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण कशीही केलेली छाटणी झाडाला सुरक्षित करत नाही. उलट पुष्कळदा तीच छाटणी पाच-दहा वर्षांनी फांदी पडण्याचे कारण ठरते. किती कापले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व कोठे कापले याला आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी झाडाच्या अंतरंगात थोडे डोकवावे लागेल.

शहर आणि झाडे एकाच वयाची

मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ साली झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. इमारती उभ्या राहिल्या, तशी त्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला झाडे लावली गेली. लवकर वाढणारी, लवकर सावली देणारी झाडे शहरात सगळ्यांनाच हवी असतात. मादागास्करहून आलेला गुलमोहर, दक्षिण अमेरिकेकडचा पर्जन्यवृक्ष, पिवळ्या फुलांचा सोनमोहर आणि भिंतीलगत ओळीने उभा राहणारा हिरवा अशोक ही त्यांतली नेहमीची नावे. रोप लावताना ते गुडघ्याएवढे असते. तीस वर्षांनी त्याची फांदी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोकावेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्यात भाईंदर म्हणजे खाडीकाठचा, मिठागरांचा मुलूख. अशा चिकणमातीच्या सखल जमिनीत पाणी वरच्या थरातच असते. मुळांना श्वसनासाठी हवा लागते. पाण्याने भरलेल्या थरात ती मिळत नाही, म्हणून मुळे खोल न जाता आडवी पसरतात. वरून फरसबंदी झाली, बाजूने गटार खणले गेले, की ती आडवी मुळेही तुटतात. झाडाचा डोलारा मात्र वाढतच असतो. म्हणून छाटणीचा विचार करताना आधी खाली पाहावे. बुंध्याजवळची जमीन एका बाजूला उचलली गेली असेल, तिला भेगा पडल्या असतील किंवा झाड अलीकडे कलले असेल, तर प्रश्न फांद्यांचा नसून मुळांचा आहे. तेथे जाणकाराला बोलावलेच पाहिजे.

झाडाची जखम भरते का?

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : खोडावर जमिनीपासून एक मीटर उंचीवर कोणी नाव कोरले आणि झाड दहा मीटर वाढले, तर ते नाव किती उंचीवर दिसेल? बरीच मुले 'उंच जाईल' असे सांगतील. खरे उत्तर आहे : एक मीटरवरच. झाड उंच होते ते शेंड्याकडून. खोड फक्त जाड होते, आणि तेही सालीखालच्या विभाजी ऊतींच्या एका पातळ थरामुळे. हा थर आतल्या बाजूला नवे लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या.

आता आपल्या बोटाला कापले तर काय होते ते आठवा. जखमेच्या जागी नव्या पेशी येतात आणि काही दिवसांत तेथे पूर्वीसारखी त्वचा दिसते. झाडाला हे जमत नाही. लाकडातल्या बहुसंख्य पेशी मृत असतात. पाणी वाहणाऱ्या नळ्या म्हणूनच त्या उपयोगी पडतात. एकदा कापलेले लाकूड पुन्हा जुळत नाही. मग झाड काय करते? ते जखम भरून काढण्याऐवजी कोंडून टाकते.

ही गोष्ट स्पष्टपणे मांडली अमेरिकेच्या वनविभागातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी. यांत्रिक करवत हाताशी आल्यावर त्यांनी असंख्य झाडे उभी चिरून त्यांतल्या कुजीचे मार्ग तपासले. कूज खोडभर वाटेल तशी पसरत नाही, ती ठरावीक कप्प्यांत अडवलेली असते, असे त्यांना दिसले. १९७७ साली त्यांनी या चार 'भिंतीं'चे चित्र मांडले. पहिली भिंत पाण्याच्या नळ्या बुजवून कूज वर-खाली जाण्यापासून रोखते. ती सर्वांत दुबळी असते. दुसरी तिला खोडाच्या मध्याकडे जाऊ देत नाही. तिसरी आडवे पसरणे अडवते. चौथी भिंत जखम झाल्यानंतर तयार होते, आणि तीच सर्वांत बळकट. जखमेपूर्वीचे लाकूड एका बाजूला आणि नंतर बनलेले निरोगी लाकूड दुसऱ्या बाजूला, अशी ती सीमारेषा असते. थोडक्यात, झाडाने प्रत्येक जुनी जखम आत बंद करून जन्मभर जपलेली असते. बाहेरून ती झाकली गेली, तरी आत असतेच.

या भिंती बांधायला ऊर्जा लागते, आणि ती येते पानांनी तयार केलेल्या अन्नातून. म्हणजे ज्या दिवशी आपण झाडाला मोठ्या जखमा करतो, त्याच दिवशी पाने काढून घेऊन त्याची शिदोरीही पळवतो.

फांदीची गळपट्टी

फांदी खोडाला जेथे मिळते, ती जागा निरखून पाहा. पुष्कळ झाडांत तेथे थोडा फुगीर भाग, सदऱ्याच्या गळपट्टीसारखा, फांदीभोवती दिसतो. खालच्या बाजूला तो अधिक स्पष्ट असतो. वरच्या बाजूला, फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात, सालीची एक खडबडीत वळी दिसते. ही गळपट्टी म्हणजे खोड आणि फांदी यांच्या ऊतींची एकमेकींवर चढलेली वीण. कुजीला अडवणारी रसायने झाड याच पट्ट्यात साठवते. फांदी सुकून आपोआप गळते, तेव्हा ती साधारण येथूनच सुटते. झाडाने स्वतःच आखून ठेवलेली ही कापण्याची रेघ आहे.

यावरून दोन चुका लगेच कळतात. पहिली चूक म्हणजे खोडाला अगदी लागून, सपाट कापणे. दिसायला हे काम नीटनेटके वाटते, पण त्यात गळपट्टी कापली जाते आणि जखम फांदीची न राहता खोडाची होते. दुसरी चूक म्हणजे हातभर खुंट ठेवणे. पाने नसलेल्या खुंटाला अन्न मिळत नाही. तो मरतो, कुजतो, आणि त्याला ओलांडून नवी साल जखम झाकू शकत नाही. पावसाचे पाणी आणि बुरशी यांना आत शिरायला तो दरवाजाच ठरतो. काप गळपट्टीच्या जरासा बाहेर, तिला धक्का न लावता घ्यायचा. तो योग्य जागी पडला असेल, तर काही महिन्यांत जखमेभोवती नव्या ऊतींचे गोल कडे दिसू लागते. कडे अंडाकृती किंवा एका बाजूने तुटके असेल, तर गळपट्टी दुखावली गेली असे समजावे.

कापलेल्या जागी डांबर किंवा तैलरंग फासण्याची पद्धत आहे. त्याने कूज थांबत नाही, हेही शायगो यांच्या पाहणीत दिसून आले. फळबागांत विशिष्ट बुरशीरोगांवर बोर्डो पेस्ट लावतात, तो उपाय वेगळा. सावलीच्या झाडाची जखम उघडी आणि स्वच्छ राहिलेली बरी.

तीन काप का?

जड फांदी वरून एकाच दमात कापू लागलो, तर अर्धी कापली जाताच ती आपल्या वजनाने खाली येते आणि खालच्या बाजूची साल खोडावरून लांबवर सोलून काढते. असे का होते, हे स्वयंपाकघरात पाहता येते. शेवग्याची ताजी शेंग आडवी धरा. वरून निम्म्यापर्यंत सुरीने कापा आणि पुढचे टोक खाली वाकवा. तुकडा सुटताना खालच्या बाजूची साल पट्टीसारखी सोलत मागे येईल. आता दुसरी शेंग घ्या. आधी खालून साल कापली जाईल एवढा छोटा काप द्या, मग वरून कापा. तुकडा सोलल्याशिवाय सुटेल.

फांदीचेही असेच करावे. पहिला काप खोडापासून वीत-दीड वीत अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत. याहून खोल गेलो तर करवत अडकते. कारण आडव्या फांदीची वरची बाजू ताणलेली आणि खालची दाबलेली असते, त्यामुळे खालची खाच वजनाने मिटते. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा थोडा बाहेरच्या अंगाला. येथे फांदी सुटते आणि सालीचे सोलणे पहिल्या खाचेपाशी थांबते. मग उरलेला हलका खुंट हाताने आधार देत, गळपट्टीच्या बाहेर, तिसऱ्या कापाने काढायचा.

शेंडा उडवला की काय होते?

झाड उंच झाले म्हणून त्याचा वरचा भाग सरसकट उडवणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे, आणि सर्वांत घातकही. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या सुप्त कळ्यांना दबवून ठेवते. शेंडा गेला की हा दाब उठतो आणि ठोकळ्याच्या कडेने डझनावारी कोंब फुटतात. पाने गमावलेले झाड साठवलेल्या अन्नावर ती घाईने परत मिळवू पाहते. दोन-चार वर्षांत उंची जवळपास पूर्वीइतकी होते. बघणाऱ्याला वाटते, झाड सावरले.

पण नेहमीची फांदी वर्षानुवर्षे खोडाच्या थरांत गुंतत वाढलेली असते. हे नवे कोंब मात्र फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले असतात, आणि त्यांच्या आतला ठोकळा कुजत असतो. कोंब मनगटाएवढे, मग मांडीएवढे जाड होतात. आधार तेवढाच राहतो. मग एका जुलैच्या रात्री त्यांतला एक खाली येतो. लोक म्हणतात, 'झाड धोकादायक आहे, पुन्हा छाटा.' धोका वाढवणारे चक्र असे आपणच फिरवत असतो.

उंची किंवा पसारा खरोखर कमी करायचा असेल, तर लांब फांदी तिच्यावरच्या एखाद्या उपफांदीपर्यंत मागे आणावी. ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे पुढचा कारभार ती सांभाळू शकते. एका वर्षात जिवंत पानांचा पाव भागाहून अधिक हिस्सा काढू नये. वाळलेल्या, मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

वजन, तरफ आणि वारा

पाच मीटर लांब फांदीच्या टोकाशी असलेले दहा किलो वजन सांध्यावर जेवढा भार टाकते, तेवढा भार खोडापासून एक मीटरवर टाकायला पन्नास किलो लागतील. हा तरफेचा साधा नियम आहे. म्हणून खोडाजवळच्या बारीक फांद्या साफ करून टोकाशी पानांचा झुबका ठेवणे चुकीचे. त्याने वजन टोकाकडे सरकते आणि वाऱ्यात फांदी अधिक हेलकावे घेते. इमारतीच्या बाजूच्याच सगळ्या फांद्या तोडल्या तर झाडाचा तोल रस्त्याच्या बाजूला जातो. वाऱ्याचा जोर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट, तर जोर चौपट.

पोकळ खोडाबद्दलही एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वाकवणाऱ्या बलाला तोंड देण्याची गोल खोडाची ताकद मुख्यतः बाहेरच्या थरांत असते. आतली पोकळी बाहेरच्या व्यासाच्या निम्मी असेल, तर ताकद एक सोळांशानेच, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी घटते. कारण १/२ चा चौथा घात १/१६. पोकळी ०.९ पट झाली तर मात्र एक तृतीयांश ताकदच उरते. तेव्हा 'पोकळ आहे, तोडा' हा निवाडा घाईचा असतो. पण हा हिशेब कडे सलग असतानाच लागू पडतो. खोड एका बाजूने उघडे पडले किंवा बुंध्याशी बुरशीची छत्रे दिसली, तर गोष्ट निराळी.

खाली उभ्या असलेल्या माणसाचे काय?

वीस सेंटिमीटर व्यासाची, चार मीटर लांबीची फांदी घ्या. सोयीसाठी ती सगळीकडे सारखीच जाड धरू. तिचे घनफळ सुमारे ०.१२५ घनमीटर होते. ओले लाकूड जवळपास पाण्याइतके जड असू शकते. म्हणजे फांदी सव्वाशे किलोची. ती आठ मीटर उंचीवरून सुटली, तर जमिनीवर येताना तिचा वेग ताशी ४५ किलोमीटर असतो. अशी फांदी हाताने किंवा नुसत्या दोरीने 'सावरता' येत नाही. ती तुकड्यातुकड्याने, टोकाकडून खोडाकडे येत काढावी लागते.

म्हणून काही नियम पक्के ठेवावेत. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, लांब दांड्याच्या करवतीने जेवढे काढता येईल तेवढेच स्वतः करावे. त्यावरचे काम शिडी, दोर आणि कंबरपट्टा वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे. शिडीवर उभे राहून यांत्रिक करवत चालवू नये. सुटलेली फांदी झोका घेऊन शिडीलाच धडकते, आणि फांदीचे वजन गेल्यावर ज्या फांदीला शिडी टेकली ती वर उसळते. खांद्याच्या वर करवत धरू नये. विजेची तार जवळ असेल तर वीजकंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नये. धातूचा दांडा वीज वाहतोच, ओला बांबूही वाहतो. झाडाखालचा परिसर झाडाच्या उंचीच्या निदान दीडपट अंतरापर्यंत दोरी लावून मोकळा ठेवावा आणि एक माणूस फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवण्यासाठी ठेवावा. पावसात आणि वाऱ्यात काम थांबवावे. शाळेच्या आवारातली छाटणी सुट्टीच्या दिवशीच व्हावी, आणि विद्यार्थ्यांच्या हाती हे काम कधीही देऊ नये.

परवानगी, हंगाम आणि पाखरे

महाराष्ट्रातील नागरी भागांत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. 'झाड तोडणे' या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही तो धरतो. म्हणून झाड आपल्या आवारात असले, तरी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करूनच छाटणी करावी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' म्हणून वेगळे स्थान दिले आहे. मीरा रोडच्या पहिल्या वसाहतींबरोबर लावलेली झाडे येत्या काही वर्षांत या वयाला पोहोचतील.

हंगामाचे म्हणाल, तर छाटणी मेअखेरच्या घाईत करण्यापेक्षा हिवाळा संपताना केलेली बरी. ताज्या जखमा पावसाच्या ओलीत बुरशीच्या तावडीत सापडतात. आधी केलेल्या जखमांभोवती कडे धरायला वेळ मिळतो. बगळे पावसाळ्यात घरटी करतात, कावळे त्याच्या थोडे आधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरटी आणि अंडी यांनाही संरक्षण दिले आहे. तेव्हा छाटणीपूर्वी झाड दुर्बिणीने नीट पाहून घ्यावे.

वर्गासाठी उपक्रम

शाळेभोवतालची दहा झाडे निवडा. ४५ अंशांच्या गुण्याच्या कर्णावरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरका. झाडापासूनचे अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा. मग जुन्या कापांची नोंद करा : काप सपाट आहे, खुंट राहिला आहे की गळपट्टी शाबूत आहे? कडे पूर्ण गोल आहे का? ठोकळ्यावर कोंबांचे झुबके किती? बुंध्याशी माती किती उघडी आणि फरशी कोठवर आली आहे? दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडांची नोंद ठेवा. तीन वर्षांत कोणत्या कापाचे काय झाले, हे मुलांना पुस्तकाशिवाय दिसेल. पुढच्या खेपेला छाटणीचा अर्ज लिहिताना 'झाड फार वाढले आहे' एवढेच न लिहिता कोणती फांदी, कोणत्या कारणासाठी आणि कोठपर्यंत कापावी, हेही त्यांना लिहिता येईल.